आधी लवाश येऊ द्या: आर्मेनियातल्या पारंपरिक हॉटेलात पहिल्यांदा जेवायला जाताना

आर्मेनियाच्या राजधानीला, येरेवानला, पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही दोघांनी बसल्या बसल्या दोन सॅलड, दोन सूप, एक तोल्मा, एक खोरोवात्स आणि वर पुलाव अशी ऑर्डर एका दमात देऊन टाकली. वेटर मुलगी लिहिता लिहिता थांबली, आमच्या मागे अजून कुणी येतंय का ते तिने पाहिलं आणि हसून म्हणाली, "बाकीचं उद्या या ना खायला." आम्ही ऐकलं नाही. टेबलावर बशा ठेवायला जागा उरली नाही, सूप गार झालं, आणि निम्मं जेवण डब्यात भरून हॉटेलच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये गेलं.

दुसऱ्या खेपेला सासूसासरे बरोबर होते. आई शाकाहारी, बाबा मासे आणि चिकन खाणारे, दोघेही दारूला न शिवणारे. आम्ही राहतो त्या दुबईहून विमानाने तीन तासांचं अंतर, त्यामुळे आमच्या ओळखीतली बरीच मराठी मंडळी लांबची सुट्टी आली की तिकडे जातात आणि परत आल्यावर हमखास सांगतात, "निसर्ग सुंदर, खाण्याचे हाल." मला हे अजिबात पटत नाही. हाल होतात ते मागवायचं कसं हे ठाऊक नसतं म्हणून. आर्मेनियन जेवण माणशी एक ताट अशा हिशेबाचं नाही, ते अख्ख्या टेबलाचं असतं आणि हळूहळू येतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

जागा आणि वेळ

पारंपरिक खानावळीला तिकडे 'पांदोक' म्हणतात. दगडी भिंती, जाड लाकडी टेबलं, भिंतीवर गालिचे, कोपऱ्यात मातीची भांडी असा थाट. 'पांदोक येरेवान' या नावाने शहरात दोन-तीन ठिकाणी हॉटेलं आहेत, आणि पहिल्या जेवणाला ती बरी पडतात, कारण मेनूवर फोटो असतात. तुमान्यान रस्त्यावरचं 'लवाश' जरा आधुनिक वळणाचं. पुश्किन रस्त्यावरचं 'दोल्मामा' खिशाला जड. प्रोश्यान रस्ता तर शेगडीवरच्या मांसासाठीच ओळखला जातो, संध्याकाळी तिथून नुसतं चालत गेलात तरी कपड्यांना धुराचा वास लागतो.

रात्रीचं जेवण आठ-साडेआठच्या पुढे रंगतं. सातला गेलात तर हॉटेल अर्धं रिकामं आणि वेटर निवांत, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर हीच वेळ चांगली. शुक्रवार-शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा. बऱ्याच पांदोकांत रात्री वाद्यं वाजतात. सुरुवात दुदुकने होते. हे जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, आवाज थेट काळजात उतरणारा. नऊनंतर ढोल सुरू होतो आणि मग समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बाबांसारखं कुणाला कमी ऐकू येत असेल तर टेबल मागताना वाजंत्र्यांपासून लांबचं मागा.

आर्मेनियातल्या खाण्याचा दुसरा, आणि माझ्या मते जास्त चांगला पर्याय म्हणजे गार्नी. येरेवानपासून तासाभराच्या आत हे गाव आहे, तिथलं पहिल्या शतकातलं देऊळ आणि पुढचा गेघार्दचा मठ बघायला सगळेच जातात. गावात काही घरांमध्ये पाहुण्यांना दुपारचं जेवण देतात आणि त्याआधी लवाश, म्हणजे तिथली पातळ रोटी, भाजताना दाखवतात. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवलं की तो फोन करून ठेवतो.

बसल्यावरची पहिली दहा मिनिटं

मेनू हातात आला की पहिल्यांदा फक्त तीन गोष्टी सांगा: लवाश, पनीर, कनाची. बाकीचं नंतर.

पनीर म्हणजे पनीरच. आर्मेनियन भाषेत चीजला 'पनीर' म्हणतात. शब्द फारसीकडून तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. पण वस्तू वेगळी. त्यांचं पनीर मिठाच्या पाण्यात मुरवलेलं, खारट, घट्ट. 'चेचिल' नावाचा प्रकार तर दोऱ्यांसारखा सुटा होतो आणि मुलांना खेळायला फार आवडतो. फार खारट वाटलं तर तुकडा पाण्यात मिनिटभर बुडवून घ्या, तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कनाची म्हणजे हिरवा पाला: कोथिंबीर, शेपू, तारागोन, पातीचा कांदा आणि जांभळ्या पानांचा रेहान, जो आपल्या सब्जाच्या झाडाचा भाऊबंद. हे सजावट म्हणून येत नाही, खायला येतं. एका मोठ्या बशीत अख्ख्या काड्या ठेवलेल्या असतात.

आता खायचं कसं. लवाशचा हातभर तुकडा फाडायचा, त्यावर पनीर, वर पाला, आणि सुरळी करून दोन्ही हातांनी धरून खायची. या सुरळीला 'ब्रदुच' म्हणतात. लहानपणी तूप-साखर लावून पोळीची सुरळी खाल्लेल्या कोणत्याही माणसाला हे शिकवावं लागत नाही. काटा-चमचा शोधत बसू नका.

लवाशची कृती आणि त्याचं तिथल्या जगण्यातलं स्थान २०१४ साली युनेस्कोच्या यादीत नोंदलं गेलं. पण यादी विसरा, ते भाजताना बघा. गार्नीतल्या त्या घरात जमिनीत पुरलेली मातीची भट्टी होती, तिला 'तोनिर' म्हणतात. कडेने तीन बायका मांडी घालून बसलेल्या. एक गोळा लाटते. दुसरी ती पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ करत नेते, मग एका लांबट उशीवर ताणून पसरते आणि उशीसकट भट्टीत वाकून तिच्या आतल्या भिंतीवर थापटते. अर्ध्या मिनिटात फोड धरतात, आणि तिसरी बाई लोखंडी आकडीने ती ओढून बाहेर काढते. आई बेळगावच्या. त्या बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर मांडे!" खापराऐवजी तोनिर, सारणाऐवजी काही नाही, पण हातावर पोळी वाढवायची ती नजाकत तीच. त्या बाईंनी आईंच्या हातावर एक पोळी देऊन बघितली. ती फाटली. सगळ्या हसल्या आणि आईंना गरम लवाशचा पहिला तुकडा मिळाला.

जेवणालाच तिकडे 'हात्स उतेल' म्हणतात, शब्दशः भाकरी खाणं. चांगली गोष्ट ही की लवाश-पनीरवर पंधरा मिनिटं निघाली की भुकेचा जोर ओसरतो आणि पुढची ऑर्डर शहाणपणाने दिली जाते. वाईट गोष्ट ही की लवाश आणि पनीर फुकट नसतात. बिलात येतात. रक्कम किरकोळ असते, पण आपण मागवलं नाही असं म्हणून वाद घालणारे एक पाहुणे मी शेजारच्या टेबलावर पाहिले आहेत.

मांसाचे शब्द पाठ करा

येरेवानमधले तरुण वेटर इंग्रजी बोलतात, मेनूही आर्मेनियन, रशियन आणि इंग्रजीत असतो. शहराबाहेर रशियनवर गाडी चालते. तरीही हे शब्द कागदावर लिहून ठेवा, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा घास यावर अडतो.

मांस म्हणजे 'मिस'. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा शब्द आणि आपला 'मांस' एकाच मुळातून निघाले, म्हणजे लक्षात ठेवायला सोपा. 'हावी मिस' कोंबडीचं, 'खोझी मिस' डुकराचं, 'तावारी मिस' गोमांस, 'वोच्खारी मिस' मेंढीचं, 'गारी मिस' कोकराचं. मासा 'द्झूक', अंडं 'द्झू'. या शेवटच्या दोनांत माझी नेहमी गफलत होते. होकाराला 'अयो' म्हणतात. वेटर प्रत्येक गोष्टीला "अयो, अयो" म्हणत होता तेव्हा बाबांना वाटलं की आपण काही तरी भयंकर मागवतोय.

गोमांस टाळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायचं. तोल्मा म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेलं सारण, त्यात बहुतेक वेळा गोमांस असतं, कधी कोकराचं मिसळलेलं. क्यूफ्ता हे कुटलेल्या गोमांसाचे गोळे. बास्तुर्मा म्हणजे मेथीच्या पिठाचा आणि तिखटाचा लेप देऊन वाळवलेलं गोमांस. मेथीचा वास ओळखीचा वाटतो आणि हात आपोआप पुढे जातो, म्हणून मुद्दाम सांगते. लाहमाजो म्हणजे पातळ पोळीवर खिमा, त्यात काय आहे ते विचारावंच लागतं. खाशलामा हे मांस-बटाट्याचं उकडलेलं कालवण, मेंढीचं असतं तसं गोमांसाचंही. 'सुजुख' या एकाच नावाने दोन वस्तू मिळतात. एक वाळवलेलं मसालेदार मांस, दुसरी अक्रोडाची माळ द्राक्षाच्या दाट पाकात बुडवून वाळवलेली. दुसरी हवी असेल तर 'काघ्त्सर सुजुख', म्हणजे गोड, असं सांगा.

हारिसाबद्दल वेगळं सांगायला हवं. दिसायला ती गव्हाची खीर किंवा लापशी वाटते, आणि आहेच गव्हाची. पण तिच्यात कोंबडी किंवा मेंढी इतकी घोटलेली असते की तुकडा दिसत नाही. हैदराबादचा हलीम खाल्ला असेल तर जात कळेल. शाकाहारी माणसासमोर चुकून गेली तर पहिल्या चमच्यापर्यंत पत्ता लागत नाही.

शाकाहारींचा शब्द: पास

"आम्ही व्हेजिटेरियन" म्हटलं की समोरचा माणूस विचारात पडतो आणि चिकन चालेल का विचारतो. त्याऐवजी 'पास' हा शब्द वापरा. पास म्हणजे उपास. आर्मेनियन चर्चच्या उपासात, विशेषतः ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात, मांसच नव्हे तर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असतात. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकात निव्वळ धान्य-कडधान्य-पाल्याच्या पदार्थांची अख्खी परंपरा आहे, फक्त ती 'व्हेज' या कप्प्यात नसून 'पास' या कप्प्यात आहे. 'पासुत्स तोल्मा' मागा: कोबीच्या पानात गुंडाळलेले चणे, मसूर, राजमा आणि भरड गहू. आंबट, थंड किंवा कोमट वाढतात. मला तो मांसाच्या तोल्म्यापेक्षा जास्त आवडतो आणि हे मी तिथल्या एका आजीबाईंना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

याखेरीज 'अरान्त्स म्सी' म्हणजे मांसाशिवाय. कांदा-लसूण चालत नसेल तर 'अरान्त्स सोखी, अरान्त्स स्ख्तोरी'. जैन मंडळींनी मात्र हेही सांगावं की आधीच शिजवून ठेवलेल्या सारणातून कांदा काढता येत नाही, तेव्हा कांदा-लसूण नसलेलाच पदार्थ सुचवा.

आईंनी तीन दिवसांत जे खाल्लं त्यातलं त्यांनी परत परत मागवलं ते असं. 'स्पास' हे मात्सुनचं, म्हणजे दह्याचं, गरम सूप. त्यात भरड गहू आणि वरून कोथिंबीर किंवा पुदिना. आईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "कढीच आहे की, फोडणी विसरलेत." दही फाटू नये म्हणून त्यात पीठ आणि बहुतेकदा अंडं घालतात. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या. 'आवेलुक' ही रानातली आंबट पालेभाजी, आपल्या चुक्याच्या कुळातली. उन्हाळ्याआधी खुडून बायका तिच्या वेण्या घालतात आणि वाळवतात. बाजारात या वेण्या टांगलेल्या दिसतात. हॉटेलात ती भिजवून, शिजवून, लसूण-अक्रोड घालून येते, बरोबर मात्सुन.

खोरोवात्स म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं, पण ते मांसाचंच असतं असं नाही. भाज्यांचं खोरोवात्स मागवलं तर वांगी, टोमॅटो, मिरच्या अख्ख्या भाजून, सोलून, चिरून, लसूण आणि पाला घालून देतात. हे वांग्याचं भरीत आहे, यावर वाद नको. फक्त भाजलेले बटाटे मागवताना सावध राहा. शिगेवर बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये चरबीचा तुकडा ओवायची पद्धत आहे, आणि भाजून झाल्यावर चरबी वितळून गेलेली असते, त्यामुळे दिसत नाही.

'झिंग्यालोव हात्स' कुठे दिसला तर सोडू नका. पातळ लाटलेल्या पोळीत दहा-बारा किंवा त्याहून जास्त प्रकारचा पाला चिरून भरतात आणि तव्यावर भाजतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या रानभाज्या विकणाऱ्या बायका जशा एकेका पाल्याचं नाव आणि गुण सांगतात, तशी येरेवानमधली एक बाई मला नेटल (हाताला झोंबणारा एक पाला), बिटाची पानं, पालक दाखवत होती. हा पदार्थ आर्त्साखचा, म्हणजे आर्मेनिया आणि अझरबैजान ज्यावरून लढले त्या नागोर्नो-काराबाखचा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये तिथून एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरदार सोडून आर्मेनियात आले, आणि तव्यापाशी उभी असलेली बाई त्यांतलीच असू शकते. ती आपणहून बोलली तर ऐका. आपण उगाच राजकारण काढू नका.

शिगेवरचं आणि तळ्यातलं

मांसाहारी असाल आणि डुकराचं चालत असेल तर खोरोवात्सचा मान त्याचाच आहे. बरगडीचा तुकडा 'चालाघाज'. कोंबडीचंही मिळतं, पण मेनूवर खाली असतं. शिगा निखाऱ्यावरून उतरवल्या की मांस लवाशवर काढतात आणि वरून दुसऱ्या लवाशने झाकतात. गरम राहावं म्हणून. जेवणातला सगळ्यात चांगला घास म्हणजे हा खालचा लवाश, ज्यात सगळा रस मुरलेला असतो. नवखे लोक मांस संपवून तो लवाश बशीत तसाच सोडून देतात. माझ्या नवऱ्याने पहिल्या खेपेला तेच केलं आणि वेटरने बशी उचलायच्या आधी त्याला दोनदा विचारलं.

सेवान तळ्याकाठी जेवणार असाल तर 'इश्खान' हे नाव ऐकू येईल. अर्थ 'राजपुत्र', हा तिथला ट्राउट. तळ्यातला मूळचा रानटी इश्खान दुर्मीळ झाला आहे आणि संरक्षित आहे, ताटात येतो तो पाळलेला. 'सीग' नावाचा पांढरा मासाही चांगला असतो. इथे आमची फसगत झाली ती सांगते. काठावरच्या एका हॉटेलात मेनूवरचा आकडा बघून आम्ही दोन मासे सांगितले. आकडा शंभर ग्रॅमचा होता. मासे येताना चांगले दीड किलोचे आले, आणि बिलही त्याच मापाने. मासा किंवा मांस सांगताना किंमत नगावर आहे की वजनावर हे विचारा, आणि वजनावर असेल तर शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा. कोळणीशी घासाघीस करणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायची वेळ यावी याचं बाबांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

चार जणांसाठी माझी आता ठरलेली ऑर्डर अशी: लवाश-पनीर-कनाची, एक सॅलड, एक वाटी लोणची, दोन स्पास चौघांत. हे संपत आलं की भाज्यांचं खोरोवात्स, एक पासुत्स तोल्मा, आणि खाणाऱ्यांसाठी एकच मांसाचा किंवा माशाचा पदार्थ. कमी पडलं तर पुन्हा सांगता येतं. आम्हाला कधीच कमी पडलेलं नाही.

पेले वर करण्याआधी

पाण्यापासून सुरू करू. येरेवानच्या रस्त्यांवर 'पुलपुलाक' नावाची दगडी कारंजी आहेत, त्यांचं पाणी थंडगार आणि पिण्याजोगं. हॉटेलात पाणी मागितलं की बाटली येते, बहुतेकदा गॅसवाली खनिज पाण्याची. साधं हवं तर 'अरान्त्स गाझी' म्हणा. 'तान' म्हणजे ताक, मीठ घातलेलं, आणि खोरोवात्सबरोबर याहून चांगलं काही नाही. हिरव्यागार तारागोनचं सरबतही मिळतं. रंग बघून घाबरू नका, बडीशेपेच्या जवळपासची चव असते.

वाइनचा या मातीशी संबंध फार जुना. वायोत्स झोर भागातल्या आरेनी गावच्या गुहेत सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीची वाइन बनवण्याची जागा सापडली आहे, द्राक्षं तुडवायची घमेल्यासारखी जागा आणि रस साठवायचे रांजण यांसकट. आरेनी हेच तिथल्या काळ्या द्राक्षाचं नाव, तांबडी वाइन त्याचीच मागा. 'वोस्केहात' पांढरी. डाळिंबाची वाइन गोडमिट्ट असते, ती पर्यटकांसाठी ठीक. घरगुती 'ओघी' मात्र जपून. तुतीची ओघी पन्नास टक्क्यांच्या पुढची असू शकते, आणि ती पाण्यासारखी दिसते.

टेबलावर आर्मेनियन यजमान असतील तर आपण होऊन पेला तोंडाला लावू नका. एक जण 'तामादा' असतो, तो एकेकाच्या नावाने दोन शब्द बोलतो, मग सगळे 'केनात्सद' म्हणून पेले भिडवतात आणि पितात. आईवडिलांसाठी, पाहुण्यांसाठी, मुलांसाठी अशी माळ चालते. गेलेल्या माणसांच्या आठवणीचा पेला आला की तो भिडवायचा नाही, नुसता उचलायचा. न पिणाऱ्यांची अडचण होईल असं आम्हाला वाटलं होतं. झाली नाही. बाबांनी डाळिंबाचा रस वर केला आणि आपल्या दिवंगत थोरल्या भावाबद्दल मराठीतून चार वाक्यं बोलले. मी भाषांतर करायच्या आधीच टेबल शांत झालं होतं.

शेजारच्या टेबलावर वाढदिवस असेल तर फळांची बशी किंवा बाटली तुमच्याकडे येऊ शकते. परत करू नका. उठून हात छातीवर ठेवून 'श्नोर्हाकालुत्युन' म्हणा, आणि जिभेची गाठ बसत असेल तर 'मेर्सी' म्हणा, तिथले लोकही रोज तेच म्हणतात. नाचायला ओढलं तर जा. 'कोचारी' हा साखळीतला नाच, खांद्याला खांदा लावून, पायांचा ठेका शेजाऱ्याकडे बघून जमतो.

एक शब्द ऐकाल, 'त्सावत तानेम'. वाढणारी बाई, टॅक्सीवाला, दुकानदार, कुणीही लाडाने म्हणतं. अर्थ: तुझं दुखणं मी घेतो. आईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या वाढणाऱ्या बाईच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. अलाबला घेतली. भाषा लागली नाही, पण व्यवहार पूर्ण झाला.

खाशचं वेगळं

हिवाळ्यात कुणी पहाटेच्या खाशला बोलावलं तर आधी कळू द्या की ते गायीच्या पायांचं, रात्रभर उकळलेलं, अळणी सूप आहे. कुस्करलेला वाळका लवाश, ठेचलेला लसूण आणि मीठ आपल्या हाताने घालायचं, आणि वोदका सकाळीच. हा सोहळा आहे, त्यामुळे खात नसाल तर "आमच्याकडे गाय चालत नाही" असं सरळ सांगा. पोट बिघडलंय वगैरे सांगितलंत तर उपाय म्हणून खाशच पाजतील.

कॉफी, गाता, हिशेब

जेवणानंतर 'सूर्ज'. छोट्या पितळी भांड्यात उकळलेली दाट कॉफी, तळाशी गाळ. साखर नंतर घालत नाहीत, सांगतानाच सांगायची: 'दार्न' कडू, 'मिजिन' मध्यम, 'काघ्त्सर' गोड. तिला तुर्की कॉफी म्हणू नका. ही शिष्टाचाराची बारीक गोष्ट नाही, ऑटोमन तुर्कांनी १९१५मध्ये केलेल्या आर्मेनियनांच्या नरसंहाराची जखम त्या दोन देशांमध्ये आहे. कॉफी नको असेल तर 'उर्त्स', म्हणजे रानातल्या थाइमचा चहा मागा. बरोबर गाता घ्या, लोणी-साखरेच्या सारणाची भाकरीसारखी गोड रोटी. गेघार्दच्या मठाबाहेर बायका ताटाएवढे नक्षीदार गाते विकतात, ते हॉटेलातल्यापेक्षा सरस.

बिल मागायला 'हाशीवे, ख्न्द्रुम एम'. तेवढं म्हणेपर्यंत बिल येत नाही, कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. बिलात खाली 'स्पासार्कुम' या नावाने सेवेचे बहुधा १० टक्के लावलेले असतात. हे सुपाच्या स्पासचे पैसे नव्हेत. लावले असतील तर वर टिप द्यायलाच हवी असं नाही, सुटे ठेवलेत तरी पुरे. नसतील तर १० टक्क्यांच्या आसपास द्या. येरेवानमध्ये कार्ड चालतं, गार्नीतल्या घरी किंवा रस्त्यावरच्या तव्यापाशी रोख द्राम (तिथलं चलन) लागतात. रुपयाला साधारण चार-साडेचार द्राम धरा, म्हणजे मेनूवरचे चार आकडी भाव बघून छाती दडपणार नाही. आम्हाला दारू न घेता रात्रीच्या जेवणाला माणशी सहा-सात हजार द्राम पडले. यजमान आर्मेनियन असेल तर बिलाला हात लावायला जाऊ नका, भांडण होईल आणि तुम्ही हराल. त्याऐवजी जाताना मिठाई घेऊन जा. आम्ही चितळ्यांची बाकरवडी नेली होती, ती तिखट लागूनही संपली.

उरलेलं बांधून द्या म्हटलं की देतात. निघताना कुणी 'अनुश लिनी' म्हणेल, म्हणजे खाल्लेलं गोड लागो.

आणि बाजारातून वाळका लवाश घ्या. महिनोन् महिने टिकतो. आईंनी चार गड्ड्या आणल्या. खायच्या आधी त्यावर पाण्याचा हबका मारतात, ओल्या पंच्यात अर्धा तास गुंडाळून ठेवतात, आणि तो पुन्हा मऊ झाला की दुबईच्या स्वयंपाकघरात त्याची ब्रदुच होते, आत लसणीची चटणी आणि वाटीभर कोथिंबीर.